मी फक्त पुढे पाठवले

मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात जे बोलणे होते त्यावर पापनिवेदनाच्या गुप्ततेचे बंधन नसते. म्हणून त्यातला एक प्रसंग येथे सांगण्यास हरकत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मला बाजूला घेऊन म्हणाला, “फादर, त्या बाईंविषयीचा निरोप मी लिहिला नव्हता. मला आला, मी फक्त पुढे पाठवला. आता त्यांच्या घरचे माझ्याशी बोलत नाहीत. यात माझा काय दोष?” निरोप काय होता ते मी सांगत नाही, सांगितला तर मीही तो पुढे पाठवल्यासारखेच होईल. मी त्याला आठव्या आज्ञेची आठवण करून दिली आणि तो मान हलवून निघून गेला. त्याचे कदाचित समाधान झाले असेल, माझे मात्र झाले नाही. कारण त्याच्याच वाक्याचा आडोसा मीही एकदा घेतला होता. ती हकीकत शेवटी सांगेन. आधी, इंटरनेटवर माणसाला मोकळीक किती असावी आणि त्या मोकळिकीचा जाब कोणी द्यावा, या प्रश्नाकडे वळू.

वसईकरांना हा प्रश्न परका नाही. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबई व आसपासचा परिसर बंद राहिला. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले की हा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दर्शवली, एवढेच. दोघींना अटक झाली आणि लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने नासधूस केली. पुढे जामीन मिळाला, प्रकरण बंद झाले, पोलीस अधिकाऱ्यांचे निलंबनही झाले. पण ज्या कलमाच्या आधारे हे घडू शकले, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६अ हे कलम तसेच राहिले. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात ‘अतिशय आक्षेपार्ह’ मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास सांगितला होता. आक्षेपार्ह कशाला म्हणावे, हे मात्र सांगितले नव्हते. ज्याच्या हाती बेड्या, त्याच्याच हाती व्याख्या.

श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केले. एखाद्या विषयाची चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि प्रत्यक्ष चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कोणाला कितीही बोचल्या तरी त्यांना संरक्षण आहे आणि राज्याचा हात तिसऱ्या पायरीवर यावा, असे न्यायालयाने मांडले. मला हा निर्णय योग्य वाटला, आजही वाटतो.

आपण कॅथलिकांनी त्याकडे थोड्या नम्रतेने पाहायला हवे. निषिद्ध ग्रंथांची रोमची पहिली सूची १५५९ सालची. तिचे बंधन १९६६ साली, म्हणजे दुसरी व्हॅटिकन परिषद संपल्यानंतर सुटले. मधल्या चारशे वर्षांत गॅलिलिओसुद्धा त्या सूचीत जाऊन आला; १८३५ च्या आवृत्तीतून त्याचे नाव वगळले गेले. सूची करणारे सगळेच काही दुष्ट नव्हते. आपण भाविकांचे रक्षण करीत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि मला त्या प्रामाणिकपणाचीच अधिक भीती वाटते. इंटरनेटच्या नीतिशास्त्राविषयी २००२ साली रोमहून निघालेल्या दस्तऐवजात, शासनाने मजकुरावर आधीच बंदी घालण्याचा मार्ग टाळावा असे म्हटले आहे. ते वाचताना मला वाटले, हे आपण स्वतःच्या खर्चाने शिकलो आहोत.

राज्याने बोलणाऱ्यापासून दूर राहावे, असे लिहून मी येथेच थांबलो असतो, जर राईनपाडा घडले नसते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण तेथे आले. मंगळवेढ्याकडची ही माणसे, भिक्षा मागून पोट भरणारी. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत असे निरोप त्या दिवसांत फोनोफोनी पोहोचले होते. अनोळखी माणसे दिसताच जमाव जमला आणि त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारण्यात आले. आपण त्या वेळी रविवारच्या मिस्सेहून घरी येऊन जेवणाच्या तयारीला लागलो असू.

त्या वर्षी देशभर हिंडलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीतील एका बालसंरक्षण संस्थेने केलेली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, आणि क्षणभराने परत आणून सोडतात. मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो, लक्ष ठेवा, असे त्यांना सांगायचे होते. मूल परत येण्याचा भाग कोणीतरी कापून टाकला. चित्रफितीतले एकही दृश्य खोटे नव्हते. फक्त शेवट नव्हता.

अशा वेळी कायदा काय करणार? २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर असे बंधन घातले की आदेश मिळाल्यास निरोपाचा पहिला प्रेषक शोधून द्यावा. मूळ देशाबाहेरचे असेल तर देशातील पहिला प्रेषक तो पहिला मानावा. त्यासाठी प्रत्येकाच्या खासगी पत्रावर खूण करावी लागेल, म्हणून व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. तो वाद बाजूला ठेवू. समजा, पहिला माणूस सापडला. राईनपाड्यापर्यंत तो निरोप त्या एकट्याने नेला काय? मधली हजारो माणसे, कोणी आई, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, मुलांच्या काळजीनेच ‘सावध राहा’ म्हणत होती. त्यांच्यापैकी एकालाही न्यायालयात उभे करता येणार नाही, आणि करूही नये. २०१८ च्या जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. उपाय चांगला, पण मर्यादा बोटांना पडली, बुद्धीला नाही.

शासनाने स्वतःच खरेखोटे ठरवण्याचाही प्रयत्न झाला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची माहिती खोटी की खरी, हे सरकारनेच नेमलेल्या विभागाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ साली झाली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द ठरवली. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

कंपन्यांबद्दल माझे मत मात्र इतके सौम्य नाही. आम्ही केवळ पोस्टमन, असे त्या सांगतात आणि कायद्याच्या ७९ व्या कलमाने त्यांना तसे संरक्षणही दिले आहे. पण तुमच्यामाझ्या गावचा पोस्टमन पत्र फोडून, ज्यात भांडण आहे ते सर्वांत वर ठेवीत नसे. काय वर दाखवायचे हे जो ठरवतो आणि त्यावर जाहिरात विकतो, त्याने निरपराधतेचा दावा जरा हळू आवाजात करावा.

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्रात ‘भरपाई’ नावाचा एक रूक्ष प्रकरणभाग होता. दुपारच्या तासाला तो चाले आणि आम्ही डुलक्या घेत असू. संत थॉमस अक्विनास सांगतो की दुसऱ्याचे नाव अन्यायाने हिरावणे हे द्रव्य हिरावण्यासारखेच असून ते परत करणे बंधनकारक आहे. आणि निंदा ऐकून तिला विरोध न करणाराही दोषात वाटेकरी होतो. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्ट म्हटले आहे की अपराध्याला क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य उरतेच. आज त्या रूक्ष प्रकरणाइतके उपयोगी मला दुसरे काही सापडत नाही. ‘निरोप लिहिला कोणी’ असे ते विचारत नाही. ‘तुझ्या हातून कोणाचे काय गेले’ असे विचारते. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली. पैसे मोजता येतात. अब्रू कशी मोजावी?

चहाडखोर बाईला संत फिलिप नेरींनी कोंबडीची पिसे रस्त्याने उपटत जायला सांगितले आणि मग ती गोळा करायला पाठवले, ही कथा वाचकांनी उपदेशात इतक्यांदा ऐकली असेल की मी ती पुरी करीत नाही. तिच्यातला एक तपशील आता बदलला आहे. ती पिसे वाऱ्याने नेली होती आणि वारा निर्दोष असतो. आपले प्रत्येक पीस कोणाच्या तरी बोटाने पुढे जाते.

आता माझी हकीकत. चार वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्या भागात मदत मागत फिरत होता. त्याचे छायाचित्र आणि ‘हा भामटा आहे’ असा मजकूर मला एका विश्वासू माणसाकडून आला. मी तो धर्मग्रामाच्या गटात टाकला. दार्शनिक विवेचन करणाऱ्या या लेखकाने चौकशी म्हणून एक फोनही केला नाही. ‘फादरांनीच पाठवलंय’ म्हणून लोकांनीही केला नाही. माझ्या नावाने त्या निरोपावर जणू चर्चचा शिक्का बसला. तीन आठवड्यांनी इस्पितळात सेवा करणाऱ्या एका सिस्टरने मला सांगितले की ती मुलगी त्यांच्याच वॉर्डात आहे.

मी निरोप पुसला. तो इतरांच्या गटांत केव्हाच गेला होता. खुलासा लिहिला आणि रविवारच्या तिन्ही मिस्सांत वेदीवरून माफी मागितली. खुलासा कोणी पुढे पाठवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. अंगणातल्या तरुणाला मी हेच सांगायला हवे होते. नंतर बोलावून सांगितले. त्या बाईंच्या घरी जा, आणि ज्यांना तू पाठवलेस त्या प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने सांग, म्हटले. “फादर, गटात दोनशे माणसं आहेत,” तो म्हणाला. माझ्या गटात चारशे होती.

त्या गृहस्थाच्या घरी मी गेलो तेव्हा मुलीची शस्त्रक्रिया झाली होती. बायकोचे दागिने विकून, थोडे कर्ज काढून. त्याने चहा दिला. रागाने काही बोलला नाही. निघताना म्हणाला, “फादर, चर्चच्या कागदावर, शिक्क्यानिशी, मी प्रामाणिक आहे एवढं लिहून द्याल?” मी म्हटले, आता मदत मागण्याची गरज उरली नाही ना? “मदतीला नको,” तो म्हणाला, “पोरीच्या शाळेत दाखवायला हवंय.”

पत्र मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. त्याने ते दोनदा वाचले, घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले आणि पिशवी सदऱ्याच्या खिशात टाकली.