गप्प करणे आणि बरे करणे

जुनी मोटार उभी आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरीही इंजिन घुमतेच आहे. अशा वेळी मालकाची इच्छा एकच असते, आवाज खाली यावा. तो खाली आणणे सोपे. अवघड आहे ते तो का चढला हे शोधणे. हा भेद केवळ यंत्रापुरता असता, तर दिवाळीच्या फराळासोबत त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी घ्या. मुंबईत टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. आता ती हौशी लोकांच्याच दारी. तिला कार्बोरेटर असतो: आत येणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारे साधेसे यंत्र. पाय काढला की त्यातली झडप जवळजवळ मिटते, हवा बेताची मिळते आणि इंजिन मंद गुणगुणू लागते. झडप किती मिटावी हे एक लहानसा स्क्रू ठरवतो.

गती चढली की उतावळा हात त्या स्क्रूकडेच जातो. जाणता मिस्त्री आधी इंजिन तापू देतो. चोक पुरता परतला का, ॲक्सिलरेटरची तार अडकली का, स्प्रिंग ढिली झाली का, हे पाहतो. मग स्क्रू सैल करतो. झडप मिटूनही गती उतरत नसेल, तर हवा चोरवाटेने शिरते आहे हे उघड. तापलेल्या भागांपासून जपून तो कार्बोरेटरखालच्या गॅस्केटच्या कडेने तेलाचे थेंब सोडतो. जिथे थेंब पडताच इंजिनाचा सूर बदलतो, तिथे फट.

परंतु आणखी एक वाट आहे. इग्निशनचे टायमिंग मागे सरकवले, तरी इंजिन मंदावते. फट तशीच राहते, टायमिंगही बिघडते. मात्र एक दोष दुसऱ्याला झाकतो आणि बॉनेटखाली शांतता नांदते. समजा, गाडी विकायची आहे, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे, आणि मालक म्हणतो, "मिस्त्री, तूर्त तेवढा आवाज कमी करा." उद्या लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला निघालेला नवा मालक त्या शांततेची किंमत मोजील. चढावर गाडी दमेल, तापेल, पेट्रोल अधिक पिईल.

मिस्त्रीने काय करावे? पैसे देणाऱ्याचे ऐकावे, हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दिवाळी त्यालाही आहे, पोरेबाळे त्यालाही आहेत. तरी मला वाटते, मालक हाताची मजुरी देतो. त्या हाताच्या जाणतेपणाने तिसऱ्या माणसाला फसवावे, हा हक्क मजुरीत येत नाही. गॅस्केट बदलून देतो म्हणावे, नाहीतर गाडी तशीच परत करावी.

वर्गात छडी उगारून किंवा घरात डोळे वटारून मिळवलेली शांतता याच जातीची. रडणारे पोर गप्प होते, पण त्याची भीती जात नाही. तिच्यावर आपण दुसरी, मोठी भीती ठेवलेली असते. पुढे जो कोणी त्याला समजून घेऊ पाहील, त्याला आधी आपली भीती उतरवावी लागेल. मगच त्याला मूळची फट दिसेल.