अणिमांडव्याचा प्रश्न

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील उपनगरी गाड्यांत सात स्फोट झाले आणि कामावरून घरी परतणारी १८०हून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या प्रकरणी २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांस दोषी ठरवून पाचांस देहान्ताची व सातांस जन्मठेपेची शिक्षा फर्मावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कबुलीजबाब, ओळखपरेड आणि जप्त मुद्देमाल यांवर विश्वास ठेवण्यास नकार देऊन ती दोषसिद्धी रद्द केली. तोपर्यंत त्यांतील एक जण कैदेतच मरण पावला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. या निकालाने लोकांत जो संताप उसळला तो मृतांविषयीच्या ममत्वातून आला होता, यात मला शंका नाही. परंतु कोणीतरी सुटले याचा जितका क्षोभ झाला, तितका खरे अपराधी कोण हे अद्याप ठरलेले नाही याचा झाला नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

समाजाच्या शोकाला दंडाचे माप ठरवण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. मौनव्रत धरून ते आश्रमाच्या दारी तप करीत असता चोर आत शिरले व लूट तेथेच दडवून लपून बसले. पाठलाग करणाऱ्या राजपुरुषांनी विचारले, ऋषी बोलले नाहीत. झडतीत चोर आणि मुद्देमाल दोन्ही सापडले, आणि राजाने चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवण्याचा हुकूम दिला. त्या राजाला दुष्ट म्हणता येत नाही. प्रजेचे धन लुटले गेले होते, माल हाती लागला होता, आणि संशयिताचे मौन हाच त्याचा कबुलीजबाब मानण्याची घाई राजसभेला झाली होती. पुढे चूक उमगल्यावर त्याने क्षमा मागितली, सूळ उपटण्याचा यत्न केला. तो निघेना म्हणून कापावा लागला, आणि त्याची अणी ऋषींच्या देहात कायमची राहिली. म्हणून ते अणिमांडव्य. एकोणीस वर्षांच्या कैदेनंतर सुटणाऱ्या मनुष्याच्या देहात राहिलेली अणी कोणत्या न्यायालयाच्या हुकमाने निघणार?

आपले दहशतवादविरोधी कायदे अशाच घाईच्या क्षणी जन्मले आहेत. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांसमोरचा कबुलीजबाब अग्राह्य ठरवला होता, कारण कोठडीत शब्द कसे काढले जातात हे परकीय सरकारही जाणत होते. १९८७ च्या टाडाने आणि १९९९ च्या मोक्काने तो विशिष्ट दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिल्यास ग्राह्य केला. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ च्या डिसेंबरात बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामिनाचे दार जवळपास बंद केले. त्या त्या वेळी लोकांनी या तरतुदींचे स्वागतच केले, आणि ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांना त्याबद्दल दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध उभे राहिलेल्या देशाला खटल्यावाचून कोंडणे म्हणजे काय हे शिकवावे लागू नये.

मांडव्यांची कथा येथे संपत नाही, आणि तिचा मला अधिक मोलाचा वाटणारा भाग पुढेच आहे. ते थेट धर्मराजाच्या सभेत गेले व कोणत्या कर्माचे हे फळ, असा जाब त्यांनी विचारला. बालपणी एका कीटकाला गवताची काडी टोचल्याचे, असे उत्तर मिळताच त्यांनी धर्मराजालाच अपराधी ठरवले: अल्प दोषाला इतका महान दंड देणारा तू स्वतः मनुष्यजन्म घेशील. चौदा वर्षांखालच्या बालकाच्या कृत्यास पाप लागणार नाही, अशी मर्यादाही त्यांनी घालून दिली. दंड देणाऱ्यालाही दंडाच्या प्रमाणाचा हिशेब द्यावा लागतो, तो साक्षात धर्म असला तरी, हे सांगण्याचे धैर्य ज्या ग्रंथाने दाखवले, त्याच ग्रंथाच्या शान्तिपर्वात आपल्या पित्याशी, राजा द्युमत्सेनाशी, वाद करताना सत्यवान म्हणतो की एकाचा वध केला की त्याची पत्नी, माता, पिता यांचाही घात होतो. द्युमत्सेनाचे उत्तरही तेथे आहे, आणि ते दुबळे नाही: दुष्टांना आवरले नाही तर सज्जनांचे रक्षण कसे व्हावे?

मी द्युमत्सेनाचा प्रश्न टाळू इच्छित नाही. गाडीत स्फोटके ठेवणाऱ्याला समाजापासून दूर ठेवलेच पाहिजे, आणि ते सिद्ध झाल्यावर कठोर शिक्षेस माझी हरकत नाही. परंतु न्यायालयाने समाजाच्या समाधानासाठी शिक्षा द्यावी, ही अपेक्षा मला अधर्माची वाटते. कारण त्या समाधानाला देह हवा असतो, आणि तो खऱ्या अपराध्याचाच आहे की नाही, हे पाहण्याइतका धीर त्याला नसतो. २००६ च्या मृतांचे आप्त सरकारकडे फाशीपेक्षा मोठी मागणी करू शकतात: तपासात कोठे खोट राहिली, कोणाच्या सहीने राहिली, आणि स्फोटके ठेवणारे हात कोणाचे होते, याचे उत्तर. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले आहे. त्याच्या निकालाची वाट पाहत असतानाही ही मागणी करण्यास कोणाचीही आडकाठी नाही.