कम्पायलरचे मौन आणि अभावाचे ज्ञान

सी भाषेत 'इंट ए[१०]' असे लिहिले की दहा पूर्णांक ओळीने मावतील एवढी जागा, म्हणजे ॲरे, राखली जाते. तिचे क्रमांक शून्य ते नऊ असल्यामुळे 'ए[१०]' मध्ये लिहिणे हे हद्दीबाहेर लिहिणे ठरते आणि त्याचे परिणाम काय होतील याची हमी भाषेचे मानक देत नाही. प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा जीसीसी हा कम्पायलर अशा चुकीवर 'ॲरे-बाउंड्स' नावाचा इशारा देतो. इशारा आलाच नाही, तर चूक नाही असे मानावे काय?

हाच प्रश्न भारतीय दर्शनांत अभावाच्या ज्ञानाविषयी विचारला गेला. मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे अभावज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले, तर नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते अभाव प्रत्यक्षानेच कळतो; तरीही वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे ग्राह्य ठरते, ही अट दोघांनाही मान्य आहे आणि अशा न दिसण्यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

जीसीसीचा उजेड तोकडा आहे. नेहमीचे बहुतेक इशारे चालू करणारा 'वॉल' हा पर्याय दिला तरी हा इशारा मुख्यतः 'ओ-टू' पातळीच्या ऑप्टिमायझेशनबरोबरच, म्हणजे प्रोग्राम वेगवान करणाऱ्या सुधारणांबरोबरच, काम करतो, कारण चलाच्या संभाव्य मूल्यांची कक्षा काढणारे विश्लेषण तेव्हाच चालते. शिवाय ॲरे फंक्शनकडे सोपवला की तेथे केवळ पॉइंटर, म्हणजे पहिल्या घराचा पत्ता, पोचतो आणि लांबी मागे राहते; फंक्शन दुसऱ्या फाइलीत असेल तर ती कळण्याचा मार्गच सहसा उरत नाही. हा निव्वळ कारागिरीचा दोष नव्हे, कारण प्रोग्रामच्या वर्तनाचा कोणताही महत्त्वाचा गुणधर्म सर्व प्रोग्रामांबाबत अचूक ठरवणारी रीत असूच शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३ साली सिद्ध केले. उलट इशाराही व्यभिचारी, म्हणजे चूक नसताना येणारा, असू शकतो; खोट्या इशाऱ्यांमुळेच लिनक्सच्या गाभ्यात जीसीसी १२ साठी तो २०२२ मध्ये बंद ठेवावा लागला.

दिल्लीत कटवारिया सराय परिसरात आयआयटी आणि नव्यन्याय, म्हणजे न्यायदर्शनाची नंतरची शाखा, शिकवणारे श्री लाल बहादुर शास्त्री राष्ट्रीय संस्कृत विद्यापीठ जवळजवळ शेजारी आहेत, आणि या प्रश्नावर दोन्ही संस्थांनी एकत्र बसणे अगत्याचे आहे. प्रोग्राम चालू असताना हद्द तपासणारा ॲड्रेस सॅनिटायझर प्रत्यक्षाच्या अधिक जवळ जातो, परंतु त्यालाही योग्यतेची तीच अट लागू आहे, कारण त्या वेळी प्रोग्राम ज्या वाटेने गेला नाही तिच्यावरच्या ॲरेविषयी तो काहीच सांगत नाही.