तोंडातली नळी

बसा. जमिनीवर, खुर्चीत, जमेल तिथे.

श्वास घ्या. सोडा.

रोखू नका. इथे कुंभक नाही. सिलिंडर पाठीला लावून पाण्यात उतरणाऱ्याला पहिल्याच दिवशी हे सांगतात: श्वास अडवायचा नाही. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वाट हवी.

पुन्हा घ्या. पुन्हा सोडा. पुढचं सगळं वाचताना हे चालू राहू दे.

आता पाणी समोर आणा.

फ्लोरिडातलं, जिनी स्प्रिंग्जचं. चुनखडीच्या गुहांमधून वर येणारं. बारा महिने साधारण २२ अंश. नितळ. शेजारून सांता फे नदी वाहते, पालापाचोळ्याच्या अर्काने तपकिरी झालेली. झऱ्याचं पाणी तिला जिथे भेटतं, तिथे वर तपकिरी, खाली निळं.

त्या निळ्यात एक डायव्हर आहे.

आडवा, तळाला समांतर. गुडघे वाकलेले, फिन्स वर. तो हलत नाही.

त्याच्याकडे बघा. सावकाश.

त्याच्या अंगावरून काय लोंबतंय?

काही नाही.

पाठीवर मधोमध दुमडलेला पोलादी पत्रा, बॅकप्लेट. त्यातून ओवलेला एक अखंड पट्टा, ५ सेंटिमीटर रुंद. खांद्यांवरून खाली येतो, कमरेला एका बकलात संपतो. मांड्यांमधून आणखी एक पट्टा. पत्रा आणि सिलिंडर यांच्यामध्ये हवेची पिशवी, तिला विंग म्हणतात. फुगवटे नाहीत, मोठे खिसे नाहीत, छातीवर दुसरं बकल नाही.

कड्या पाच. छातीवर दोन, डाव्या कमरेला एक, मांड्यांमधल्या पट्ट्यावर पुढे एक, मागे एक. सहावी लावायचा मोह होतो. दुकानात उभं असताना तर फारच होतो.

राहू द्या तो मोह तिथेच. श्वास सोडा.

विल्यम होगार्थ मेन हे इथल्याच गुहांमध्ये उतरणारे डायव्हर. त्यांचं मधलं नाव या मांडणीला चिकटलं, होगार्थियन. गुहेत डोक्यावर दगडाचं छत असतं, सरळ वर येता येत नाही. तळाचा गाळ ढवळला की डोळे कामाचे राहत नाहीत. मग हाताला लागणारी बारीक दोरी, तेवढीच परतीची वाट. लोंबणारी प्रत्येक वस्तू त्या दोरीत अडकू शकते.

म्हणून एक एक वस्तू गेली. उरलेलीला जागा मिळाली.

आता बाकीचं सगळं मागे सरू दे. एकच गोष्ट बघू या.

एक नळी.

त्याच्या उजव्या खांद्यामागून ती निघते. २ मीटरहून थोडी लांब. उजव्या बाजूने खाली उतरते, कमरेशी दिव्याच्या बॅटरीच्या डब्याखाली दबते. तिथून छातीवरून तिरकी, डाव्या खांद्याकडे. मानेमागून वळते, उपरण्यासारखी. उजवीकडून पुढे येते.

तोंडात.

पुन्हा एकदा तिच्यासोबत जा. खांद्यामागे. कमरेशी. छातीवरून. मानेमागून. तोंडात.

श्वास घेताना हवा याच वाटेने येते. घ्या.

सोडा.

हनुवटीखाली दुसरी नळी आहे, आखूड. तिचं टोक रबरी दोरीच्या फासात, गळ्यात. मान खाली केली की ओठांना लागतं. हाताची गरज नाही.

इथे थोडं थांबा.

समोरून मित्र येतोय. त्याने तळहात आडवा करून गळ्यावरून फिरवला. हवा संपली.

तुम्ही काय देता?

तोंडातली.

उजवा हात तोंडाकडे जातो. मान झुकते, नळी पुढे जाते, मित्राच्या ओठांपर्यंत. ती चालते का, हे बघायला नको. आत्ताच तुम्ही तिच्यातून श्वास घेतला होता. त्या खोलीवर तो वायू घेण्याजोगा आहे, हेही त्यातच आलं. आणि घाबरलेला माणूस तसाही तुमच्या तोंडातल्या नळीकडेच झेपावतो, कारण बुडबुडे तिथून निघताना त्याला दिसतात.

मग तुमचे ओठ आखूड नळी शोधतात. ती आहे तिथेच आहे.

त्याने घेतला. तुम्ही घेतला.

याच्यासोबत राहा. त्याचा श्वास. तुमचा श्वास. मध्ये २ मीटर रबर.

इतकी लांब का? अरुंद फटीतून दोघांना शेजारी शेजारी जाता येत नाही. एक पुढे, एक मागे, आणि नळी दोघांमध्ये ताणलेली. या लांब नळीचं श्रेय शेक एक्सली यांना देतात. गुहांमधल्या मृत्यूंचा अभ्यास करून त्यांनी १९७९ मध्ये ‘बेसिक केव्ह डायव्हिंग’ हे लहानसं पुस्तक लिहिलं. गुहेत हवेचे तीन भाग करतात. एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, आणि तिसरा राखून. मित्राला द्यावी लागली, तर यातून.

तिसरा भाग आत्ता पाठीवर आहे. त्याचं वजन जाणवतं का?

जाणवू दे. हवेलाही वजन असतं. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा अडीच किलोंहून जास्त भरते. १० मीटरवर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा दुप्पट लागते. श्वासागणिक पाठ हलकी होत जाते.

घ्या. सोडा. थोडे हलके झालात.

आता मालवणला या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं उथळ पाणी. इथे छत नाही. पहिल्यांदा उतरणाऱ्या पाहुण्याला लांब नळी कशाला? नकोच. त्याला हवा भरायच्या भाड्याच्या जाकिटात निवांत मासे बघू द्यावेत. या मांडणीच्या काही भक्तांचा कर्मठपणा मला जड जातो, तो अशाच वेळी.

पण तुम्ही स्वतःचं सामान घेणार असाल, तर त्या पाण्यात डोळे मिटा.

राखीव रेग्युलेटर, म्हणजे आखूड नळीचं तोंडात धरायचं टोक, मागे लोंबतोय. वाळूतून ओढला जातोय. प्रवाळाला घासतोय. दाबमापक दुसरीकडे. तुमचं अंग किती रुंद झालंय, तुम्हाला ठाऊक नाही.

एक एक करून आत घ्या. दाबमापक आखूड नळीवर, डाव्या कमरेच्या कडीला. राखीव रेग्युलेटर गळ्यात. उघड्या समुद्रात तोंडातली नळी दीड मीटर असली तरी पुरते. गुहेपेक्षा इथे सामान कमीच, पण प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली.

पत्र्याचा विचारही शांतपणे करा. पोलादी घेतला तर अडीच-तीन किलो तिथेच आले, बुडण्यासाठी लावायचं शिसं तेवढं कमी करता येतं. कोमट पाण्यात पातळ सूट घालत असाल, तर ॲल्युमिनियमचा हलका पत्रा बरा. विमानातही सोपा जातो.

आता डावा हात हळूच डाव्या कमरेकडे न्या. मनातल्या मनात.

कडी लागली? बोटांना दाबमापकाचा हूक सापडला? तो दोऱ्याच्या गाठीने बांधलेला आहे, धातूला धातू जोडलेला नाही. उघडलाच नाही, तर दोरा सुरीने कापता येतो.

हात परत आणा. श्वास चालू आहे ना?

पुन्हा न्या. या वेळी शोधू नका, नुसता जाऊ द्या.

डोळे उघडा. पुढचं काम पाण्यातलं आहे आणि त्याला मित्र लागतो. उतरण्याआधी, कमरेएवढ्या पाण्यात, तोंडातली नळी त्याला खरोखर द्या. ती पूर्ण लांबीला उलगडते का बघा. दिव्याची तार किंवा एखादा पट्टा तिच्यावरून गेला असेल, तर ती मध्येच अडेल. अडली तर दोघंही बाहेर या, सगळं उतरवा आणि पुन्हा बांधा.