क्रेडिट, श्रेय आणि मधलं दार

पोखर्णीत ‘क्रेडिट’ हा शब्द कॉलेजच्या आधी बँकेतून आला. किसान क्रेडिट कार्ड 1998 पासून आहे. त्यामुळे गावात क्रेडिट म्हटलं की पीककर्ज आठवतं. खरिपाच्या तोंडावर उचलायचं, सोयाबीन-कापूस विकला की भरायचं, पावसाने दगा दिला की नवं-जुनं करायचं. आता गावातल्या बीए-बीएस्सीच्या पोरापोरींच्या मोबाइलमध्ये, डिजिलॉकरला जोडलेल्या खात्यात, दुसरंच क्रेडिट जमा होतं. ते फेडायचं नसतं, साठवायचं असतं. सरकारी मराठीत त्याला ‘श्रेयांक’ म्हणतात.

श्रेय या शब्दाला दोन अर्थ आहेत. रोजच्या बोलण्यात श्रेय म्हणजे केलेल्या कामाची कदर. जुना अर्थ वेगळा आहे. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला फरक सांगतो. जे हिताचं ते श्रेय, जे नुसतं आवडतं ते प्रेय. म्हणजे श्रेयांकाकडून दोन अपेक्षा करता येतात. त्याने केलेल्या कष्टाची नोंद ठेवावी, आणि ती नोंद त्या माणसाच्या हिताची असावी. पहिली अपेक्षा नियमांत लिहिलेली आहे. दुसरीचं काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी नियम, कारण ते नीट माहीत नसतील तर पुढची चर्चा हवेत राहील. परभणी जिल्ह्यातली बीए, बीकॉम, बीएस्सीची कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, यूजीसीचा डिसेंबर 2022 चा पदवी आराखडा आणि राज्य सरकारचा एप्रिल 2023 चा शासन निर्णय यांतून आताची रचना आली. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास शिकवणं. प्रॅक्टिकल किंवा फील्डवर्कचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176.

पण नुसती बेरीज जमून भागत नाही. क्रेडिट वेगवेगळ्या कप्प्यांत हवेत. मुख्य विषय, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट, एनएसएससारखे उपक्रम. एका कप्प्यात चार जास्त झाले म्हणून दुसऱ्यातले दोन कमी भरून निघत नाहीत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे शंभर टेस्टपैकी नव्याण्णव पास झाल्या तरी त्या एकीसाठी रिलीज थांबतं. पदवीचं तसंच आहे. म्हणून निकाल लागला की टक्क्यांसोबत कप्पेही मोजा.

शिक्षण तासांत मोजायची कल्पना आपली नाही. 1905 मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी 1 कोटी डॉलर दिले. त्या पैशांचा लाभ घ्यायचा तर प्रवेश देताना कॉलेजने शालेय अभ्यासाचं एक ठरलेलं माप मागायचं, अशी अट आली. एका विषयाचे वर्षातले साधारण 120 तास म्हणजे एक युनिट. पुढे 1910 मध्ये मॉरिस कूक या मेकॅनिकल इंजिनिअरने त्याच संस्थेसाठी अहवाल लिहिला आणि कॉलेजचं कामही कारखान्यासारखं ‘विद्यार्थी-तासां’त मोजावं असं सुचवलं. पेन्शनच्या हिशोबातून आणि कारखान्याच्या शिस्तीतून आलेलं हे माप आहे.

यावर नाक मुरडणं सोपं आहे. मला मात्र या मापाची एक बाजू प्रामाणिक वाटते. घड्याळ आडनाव विचारत नाही. सरांच्या मर्जीतला कोण, पाटलाच्या घरातला कोण, इंग्रजी कुणाचं चांगलं, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. 15 तास भरले, परीक्षा पास झाली, क्रेडिट जमा. ज्यांच्या घरात याआधी कुणी कॉलेज पाहिलं नाही, त्यांना असा कोरडा नियम आधार देतो.

फक्त हे घड्याळ वर्गाच्या दारात सुरू होतं. पोखर्णीहून परभणीला एसटीने किंवा काळीपिवळीने जाण्यायेण्याचे तास त्यात नाहीत. जाण्याआधी भाकरी थापण्याचे नाहीत, आल्यावर जनावरांचं बघण्याचे नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी शेवटच्या वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावोगावी राहतात, शेतकऱ्यांसोबत काम करतात. चांगला उपक्रम आहे, आणि त्याला क्रेडिट आहेत. त्याच बांधावर बीएच्या दुसऱ्या वर्षाची पोरगी सोयाबीन खुरपत असते, तिच्या खात्यात काही जमा होत नाही. यात लबाडी कुणाचीच नाही. संस्था जे काम नेमून देते तेवढंच तिला मोजता येतं. पण सगळ्यांना सारखे तास म्हणजे सगळ्यांना सारखी किंमत, हे खरं नाही. तेच 15 तास कुणाला मोकळ्या वेळातून मिळतात, कुणाला झोपेतून काढावे लागतात.

आता खरा अवघड नियम. पहिल्या वर्षाचे 40 ते 44 क्रेडिट झाले की थांबता येतं आणि सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. याला ‘मल्टिपल एंट्री, मल्टिपल एक्झिट’ म्हणतात. कागदावर ही सोयच आहे. पर्याय वाढला म्हणजे स्वातंत्र्य वाढलं, असं आपण धरून चालतो.

गेल्या उन्हाळ्यात मावशीने मला विचारलं, “तू शिकलेला हाईस, तूच सांग बाबा. एका वर्षात सर्टिफिकेट भेटतंय म्हणं. मग स्थळ चांगलं आलंय तर थांबायचं कशाला? राहिलेलं सासरी गेल्यावर करील की.” मावसबहीण तिथेच तांदूळ निवडत होती. ती काही बोलली नाही. तिच्या मोठ्या बहिणीच्या वेळी हाच विषय निघाला होता, तेव्हा ती मोठी बोलली होती. “दोन वर्षं गेलीच आहेत, आता मधेच सोडलं तर हाती काहीच येणार नाही.” या एका वाक्यावर तिने लग्न वर्षभर पुढे ढकललं आणि बीए पूर्ण केलं. मावशीला हिशोब पटला होता. पैसे घातलेत, वाया कशाला घालवायचे?

धाकटीकडे ते वाक्य नाही. आता हाती काहीतरी येतं.

थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने 1960 च्या ‘द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट’ या पुस्तकात वाटाघाटींबद्दल एक उलटी वाटणारी गोष्ट मांडली. ज्याचे हात बांधलेले असतात, तो कधीकधी जास्त ताकदीने बोलू शकतो. ‘मला ते शक्यच नाही’ म्हणणाऱ्याला नमवता येत नाही, ‘शक्य आहे पण इच्छा नाही’ म्हणणाऱ्याला नमवता येतं. बाजारात ‘मालकाने याखाली द्यायला सांगितलं नाही’ म्हणणारा नोकर मालकापेक्षा चांगला भाव काढतो, तसंच. जुना ताठर नियम कितीतरी मुलींचा असा मालक होता. नियम मधे उभा होता, म्हणून मुलीला आईबापांसमोर उभं राहावं लागत नव्हतं. नियम बाजूला झाला आणि सगळा भार तिच्या ‘मला शिकायचंय’ या सात अक्षरी इच्छेवर आला. आपल्या घरांत एकोणीस वर्षांच्या मुलीच्या इच्छेचं वजन किती, हे तुम्हाला सांगायला नको.

मग हे दार बंदच करावं का? असंही म्हणता येत नाही. वडील अचानक गेले, कर्ज अंगावर आलं, म्हणून दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून पुण्याला कंपनीत लागलेली पोरं प्रत्येक गावात आहेत. जुन्या नियमाने त्यांच्या दोन वर्षांची किंमत शून्य केली. नोकरीच्या फॉर्मवर ती आयुष्यभर ‘बारावी पास’ राहिली. त्यांना डिप्लोमा मिळाला असता तर तो न्याय झाला असता. एकाच्या ढालीसाठी दुसऱ्याला उपाशी ठेवणं योग्य नाही.

म्हणून मला वाटतं, दार असावं, पण त्याची पारख दोन गोष्टींवरून करावी. कडी कुणाच्या हातात आहे, आणि बाहेर पडणं जितकं सोपं तितकंच परत येणं सोपं आहे का. नियम सांगतो, तीन वर्षांच्या आत परत या आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करा. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या मुलीची पहिली तीन वर्षं कशी जातात? नवं घर, बहुतेकदा बाळंतपण, मग मूल अंगावर. परतीची मुदत नेमकी त्याच वर्षांत संपते. पुण्याला गेलेल्या पोराला तीन वर्षांनी निदान स्वतःचा पगार असतो. तिच्याकडे तोही नसतो. नियम दोघांना एकच मुदत देतो आणि त्याला समानता म्हणतो. मूल झालेल्या विद्यार्थिनीला ही मुदत वाढवून द्यायला हवी. त्याने कुणाचं काही कमी होत नाही.

कडी तिच्या हातात यायची तर हिशोब तिला पाठ हवा. मावशीला मी तेवढंच सांगितलं. पहिलं वर्ष पास झालं की सर्टिफिकेट आपोआप मिळत नाही. थांबायचं असेल तर वरचा 4 क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते, आणि तीही उन्हाळ्याच्या सुट्टीत. म्हणजे ऐन लग्नसराईत. एवढं न करता थांबली तर कागद नाहीच. मावशी जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मंग हे कुणी सांगितलं न्हाई.” मावसबहिणीने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, “दादा, माझे आत्ता किती झालेत ते कुठं दिसतंय?”

तिने विचारलेला प्रश्न मला सगळ्या धोरणापेक्षा महत्त्वाचा वाटतो. आपले किती झाले, कोणत्या कप्प्यात किती राहिले, हे तिला स्वतःला माहीत असेल, तर थांबण्याचा निर्णय निदान तिच्यासमोर आणि खऱ्या आकड्यांवर होतो. माहीत नसेल, तर ‘सर्टिफिकेट भेटतंय म्हणं’ एवढ्या ऐकीव वाक्यावर तिचं आयुष्य ठरतं. जो नियम समजावून सांगितला जात नाही, तो कितीही उदार असला तरी ज्याला तो आधीच कळतो त्याच्याच कामी येतो. प्रवेशाच्या दिवशी पालक सोबत असतात. फीच्या पावतीसोबत बाहेर पडण्याचे आणि परत येण्याचे नियम एका पानावर, साध्या मराठीत त्यांच्या हातात द्यायला कॉलेजला फार खर्च नाही.

आणि आपल्यापैकी जे शिकून शहरात आलो, त्यांना उन्हाळ्यात गावी असे प्रश्न विचारले जातातच. तेव्हा ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणू नये, आणि तिच्या वतीने निर्णयही देऊ नये. तिचं खातं तिच्याच मोबाइलवर उघडून द्यावं, आकडे तिला वाचू द्यावेत. पुढचं बोलणं मग तिचं तिला करता येतं.