आधी पाणी, मग मासा

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात मुलाच्या आठव्या वाढदिवसाला काचेच्या गोल भांड्यात दोन सोनेरी मासे भेट आले. मुलाने त्यांना नावे दिली. घरातील प्रत्येकाने जाता-येता कौतुकाने चिमूटभर खाणे टाकले. चौथ्या दिवशी एक मासा मरून तरंगताना दिसला आणि सहाव्या दिवशी दुसरा. रविवारची शाळा सुटल्यावर त्या मुलाने आम्हांला गाठून विचारले, "ते कशाने मेले?" आम्हांला ठाऊक नव्हते. पण तसे कबूल करण्याऐवजी, "देवाची इच्छा, बाळ," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

घरी परतताना ते उत्तर आम्हांला बोचू लागले. आपल्या अज्ञानाचे ओझे आपण देवावर ढकलले, असे वाटले. म्हणून आम्ही जाणकारांकडे चौकशी केली. जे समजले ते असे.

मासा ज्या पाण्यात राहतो, त्याच पाण्यात त्याचे मलविसर्जन होते. त्याच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. उरलेले खाणे कुजले की त्यात भर पडते. हा अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. नदीत वा तलावात पाणी अफाट असते, शिवाय तळाच्या दगडगोट्यांवर राहणारे सूक्ष्म जंतू अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात बाधत नाही आणि पाणवनस्पतींना खतासारखे उपयोगी पडते. नव्या भांड्यात या जंतूंची पुरेशी वस्ती नसते. ती होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा ते दोन मासे बहुधा स्वतःच्याच घाणीने, म्हणजे खरे तर आपणा मोठ्यांच्या घाईने मेले.

येथे कोणी म्हणेल, "आपण बाजारातून मासळी आणून कालवण करतो, मग दोन शोभेच्या माशांसाठी एवढा खेद कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण ताटातल्या माशाविषयी आपण मुलाला काही खोटे सांगत नाही. भांड्यातला मासा देताना मात्र आपण म्हणतो, "हा तुझा मित्र, याच्यावर प्रेम कर." असे म्हणून त्याला विषात ठेवणे, म्हणजे प्रेम या शब्दाचा खोटा अर्थ मुलाला शिकवणे होय. शिवाय मासा मुका असला तरी दगड नव्हे. 2003 साली ब्रिटनमध्ये ट्राउट माशांवर झालेल्या अभ्यासात, ओठाला दाहक द्रव्य टोचलेल्या माशांनी बराच वेळ अन्न घेतले नाही आणि काहींनी ओठ खडीवर घासले.

मग मुलांना शिकवण्यासाठी एखादा जीव पेटीत ठेवावा की नाही? या बाबतीत एका इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाची कथा ध्यानात घेण्याजोगी आहे. फिलिप हेन्री गॉस हे आमच्यासारखेच दीक्षा न घेतलेले उपदेशक; ब्रदरेन पंथाच्या एका लहान मंडळीत ते उपदेश करीत. सागरी जीव काचेच्या टाकीत जिवंत ठेवण्याच्या खटपटीत ते अग्रणी होते. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, त्यातही त्यांचा हात होता. 1854 साली या विषयावर त्यांनी लिहिलेले पुस्तक घरोघरी गेले. निर्माणकर्त्याची कृती लोकांनी पाहावी, हाच त्यांचा हेतू. पण पुस्तके वाचून लोकांच्या झुंडी समुद्रकिनाऱ्यावर लोटल्या आणि खडकांतली डबकी त्यांनी ओरबाडून रिकामी केली. आपण ज्यावर प्रेम केले त्याचाच नाश आपल्या लेखणीमुळे झाला, याचे पित्याला फार दुःख झाले, असे त्यांच्या मुलाने 1907 साली लिहून ठेवले आहे. तात्पर्य, पाहण्याची आवड व हेतूची शुद्धता एवढ्याने भागत नाही. जीव आपल्या हाती आला की त्याची गरज आधी पाहावी लागते.

आमचे मत असे झाले आहे की, ज्या घरी मोठी माणसे स्वतः जबाबदारी घेण्यास तयार असतील, त्या घरीच मासे ठेवावेत. आठ वर्षांच्या मुलावर ती टाकू नये. त्याने मदतनीस व्हावे. गोल भांडे घेऊच नये. सोनेरी मासा वीतभर वाढतो आणि नीट ठेवल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. त्याला लहान जागा म्हणजे तुरुंगच. आरंभाला 2 फूट लांब, 1 फूट रुंद व 1 फूट उंच टाकी पुरे. तिच्यात सुमारे 55 लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन 55 किलो. तेव्हा खालचे टेबल भक्कम व सपाट हवे. टाकी उन्हात ठेवू नये, शेवाळ माजते. तळाशी धुतलेली खडी, दोन-चार पाणवनस्पती, स्पंजचा फिल्टर व वर झाकण, एवढे साहित्य लागते. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवले म्हणजे त्यातला क्लोरीन बहुतेक उडून जातो.

आणि मग मासे आणू नयेत! फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणे रिकाम्या टाकीत टाकावे, म्हणजे जंतूंची वस्ती वाढते. दुकानात पाणी तपासण्याचे किट मिळते. अमोनिया व नायट्राइट आधी वाढून मग दोन्ही शून्यावर आले, की घर तयार झाले. त्यानंतर सहा झेब्राफिश आणावेत. हे आपल्याच देशातील ओढ्यांतले व भातखाचरांतले मासे. थंडीही बरीच सोसतात, पण त्यांना सोबत हवी. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्यावे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतल्यास उपयोगी जंतू मरतात. पुढे कंटाळा आला तरी मासे नाल्यात वा विहिरीत सोडू नयेत. परके मासे तेथल्या मूळच्या माशांना उपद्रव देतात. घेणारे दुसरे घर शोधावे.

हे सर्व कळल्यावर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याला सांगितले, "त्या दिवशी आम्ही तुला खरे उत्तर दिले नाही." त्याने सारे ऐकून घेतले व म्हणाला, "मग तुम्हांला माहीत नव्हतं, असं का नाही सांगितलंत?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि या वेळी आम्ही ते बनवलेही नाही.

आता त्यांच्या घरी एक टाकी आहे. पाच आठवडे ती रिकामीच होती. शेजारची मुले येऊन हसत, "यात मासे कुठे आहेत?" तो मुलगा उत्तर देई, "यायचे आहेत. त्यांचं घर अजून तयार झालेलं नाही." दया, संयम, कारभारीपणा यांवर आम्ही वर्गात पुष्कळ धडे घेतले आहेत. त्या रिकाम्या टाकीपाशी उभे राहिल्यावर मात्र वाटले, हा धडा आधी आम्हीच शिकायला हवा होता.