नोंद झाली, पण ऐकले कोणी?



आपल्यापैकी काहींची मुले परदेशात आहेत. ती फोनवर सांगतात, की तिकडे दवाखान्यात गेले म्हणजे दर वेळी डॉक्टरच भेटतो असे नाही. पुष्कळदा 'फिजिशियन असिस्टंट' तपासतो, औषधही तोच लिहून देतो, आणि तपासताना बराच वेळ कॉम्प्युटरकडे बघत असतो. इकडे आईवडिलांना काळजी वाटते. डॉक्टर नसलेल्या माणसाने तपासलेले चालते का? आणि पडद्याकडे बघणाऱ्याला आपल्या लेकराचे दुखणे कळेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि ते आता आपल्याकडेही येऊ लागले आहेत. म्हणून त्यांचा थोडा शांतपणे विचार करू या.

प्रथम या सहायकांविषयी. अमेरिकेत १९६०च्या दशकात डॉक्टरांची, विशेषतः खेड्यापाड्यांत, मोठी टंचाई होती. त्याच वेळी नौदलात जखमींची सेवा केलेली माणसे घरी परतत होती. त्यांच्या हातात कसब होते, पण पदवी नसल्यामुळे बाहेर त्याला किंमत नव्हती. डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ साली ड्यूक विद्यापीठात अशा चार जणांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. १९६७ साली त्यातले तिघे उत्तीर्ण झाले. आज अमेरिकेत असे दीड लाखाहून अधिक सहायक आहेत. भारतात हे शिक्षण १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाले, आणि २०२१च्या कायद्याने या व्यवसायाला आपल्या देशात मान्यताही मिळाली.

म्हणजे या व्यवसायाच्या मुळाशी एक चांगला विचार आहे. ज्याला जे येते ते त्याला करू द्यावे, आणि डॉक्टर नाही म्हणून कोणी रोगी ताटकळत राहू नये. यात वावगे काहीच नाही. प्रश्न उभा राहतो तो पुढे.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने आपल्या 'कायदे' या ग्रंथात दोन प्रकारचे वैद्य सांगितले आहेत. त्याच्या काळी वैद्यांचे मदतनीस असत, आणि लोक त्यांनाही वैद्यच म्हणत. त्यातले जे गुलाम होते ते बहुधा गुलामांवर उपचार करीत. असा मदतनीस रोग्याचे म्हणणे ऐकून घेत नसे. हुकूम सोडावा तसे औषध सांगून तो घाईने पुढच्या रोग्याकडे जाई. दुसरा वैद्य स्वतंत्र नागरिकांचा. तो आजार पहिल्यापासून विचारून घेई, घरच्या माणसांशी बोले, रोग्याकडून स्वतःही काही शिके, आणि रोग्याला पटल्याशिवाय उपचार सुरू करीत नसे.

गुलाम आणि नागरिक हा भेद आपण मानीत नाही. देवापुढे सगळे सारखेच. पण प्लेटोने दाखवलेला दुसरा फरक आजही तितकाच खरा आहे. मोठ्या पदवीचा डॉक्टर रोग्याचे तोंड न बघता चिठ्ठी लिहून मोकळा होतो, तेव्हा तो त्या पहिल्या वैद्यासारखाच वागतो. आणि एखादा सहायक बाजूला बसून, 'आजी, कधीपासून दुखते?' असे विचारतो, तेव्हा तो दुसऱ्या वैद्याच्या वाटेने जातो.

अर्थात नुसता जिव्हाळा पुरत नाही. ज्ञान लागते, आणि आपले ज्ञान कुठे संपते हे कबूल करण्याचा प्रामाणिकपणा त्याहून अधिक लागतो. रोग्यालाही समोर कोण आहे हे कळले पाहिजे. इंग्लंडमध्ये या सहायकांना 'फिजिशियन असोसिएट' म्हणत. आपल्याला तपासणारा डॉक्टर नव्हता हे काही रोग्यांना कळलेच नव्हते, आणि त्यातून वाद पेटला. शेवटी जुलै २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या सरकारी अहवालाने त्यांना पुन्हा 'असिस्टंट' म्हणावे, आणि ज्यांचे निदान झालेले नाही असे रोगी त्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर तपासू नयेत, अशी शिफारस केली. गंमत अशी, की अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेने २०२१ साली नेमके उलटे, म्हणजे 'असिस्टंट'चे 'असोसिएट' करायचे ठरवले होते. नाव कोणतेही असो, नावाने रोग्याची फसगत होता कामा नये. खरे बोलणे हा उपचाराचाच भाग आहे.

आता कॉम्प्युटरवरच्या नोंदींकडे वळू या. त्यांचे उपकार मोठे आहेत. २००५ साली कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधल्या असंख्य रोग्यांचे कागद पाण्यात गेले. पण माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयातील नोंदी कॉम्प्युटरवर होत्या, म्हणून दुसऱ्या शहरांतल्या डॉक्टरांनाही त्या मिळाल्या. त्याच वर्षी २६ जुलैचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे २००९ साली अमेरिकन सरकारने कायदा करून रुग्णालयांना यासाठी पैसा पुरवला, आणि काही वर्षांतच जवळजवळ सगळी रुग्णालये कागदावरून कॉम्प्युटरवर आली.

परंतु प्रत्येक सोयीची किंमत असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत असे दिसले, की डॉक्टर एक तास रोग्यासमोर घालवतात, तर जवळजवळ दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामात जातात.

आणखी एक घटना आपल्याला अंतर्मुख करील. सप्टेंबर २०१४ मध्ये लायबेरियाहून आलेले थॉमस एरिक डंकन ताप आणि पोटदुखी घेऊन अमेरिकेतील डॅलस शहरातल्या एका रुग्णालयात गेले. आपण आफ्रिकेतून आलो आहोत, हे त्यांनी नर्सला सांगितले. नर्सने ते कॉम्प्युटरवर नोंदवले. तरीही त्यांना औषध देऊन घरी पाठवण्यात आले. तीन दिवसांनी त्यांना रुग्णवाहिकेतून परत आणावे लागले. तो इबोला होता. ८ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोन नर्सनाही लागण झाली, सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. रुग्णालयाने आधी सांगितले, की नर्सने लिहिलेले डॉक्टरांच्या पडद्यावर आपोआप येत नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते मागे घेतले. व्यवस्थेत दोष नव्हता, माहिती डॉक्टरांनाही दिसत होती.

रोग्याने सांगितले होते, नर्सने लिहिले होते, नोंद जागेवर होती. तरी ती गोष्ट कोणाच्या मनापर्यंत पोचली नाही. प्लेटोनेच 'फीड्रस' या संवादात लिखाणाबद्दल एक शंका मांडली आहे. लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो पुन्हा तेच सांगतो. आणि एकदा लिहून ठेवले म्हणजे आपल्याला ते कळलेच, असा माणसाचा समज होतो. हा समजच धोक्याचा आहे. लिहिणाऱ्याला वाटते वाचणारा बघेल, वाचणाऱ्याला वाटते लिहिणाऱ्याने सांगितले असते, आणि मधल्या मध्ये रोगी एकटा पडतो.

काम वाटून घेता येते. जबाबदारी मात्र वाटली म्हणून कोणाची कमी होत नाही. शुभवर्तमानातल्या त्या शोमरोन्याची आठवण करा. तोही वैद्य नव्हता. त्याने आपल्याला जमेल तेवढे केले, जखमा बांधल्या, आणि पुढची सेवा उतारशाळेच्या मालकावर सोपवली. पण सोपवताना त्याने पैसे दिले, काळजी घ्यायला सांगितले, आणि परत येण्याचा शब्द दिला. दुसऱ्याच्या हाती देणे आणि हात झटकणे यातला फरक तिथे दिसतो.

आपल्या देशातही सप्टेंबर २०२१ पासून 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' सुरू आहे, आणि पुष्कळांनी 'आभा'चा चौदा आकडी क्रमांक काढला आहे. तो उपयोगाचा आहे. आपली माहिती दुसऱ्याला दाखवण्याआधी आपली संमती मागितली जाते. तेव्हा घाईने बटण दाबू नका, कशासाठी मागतात ते विचारा. तपासणाऱ्याला 'आपण डॉक्टर का?' असे नम्रपणे विचारण्यात अपमान नाही. डॉक्टर नसले तरी त्यांचा मान राखा. ॲलर्जी, चालू असलेली औषधे, नुकताच केलेला प्रवास, हे सारे कॉम्प्युटरवर असले तरी पुन्हा तोंडाने सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकटे पाठवू नका. त्यांना जे सांगता येत नाही, ते सांगायला जवळचे माणूस लागते.

आणि आपल्यापैकी जे नर्स, डॉक्टर, तंत्रज्ञ म्हणून रुग्णालयात राबतात, त्यांना माझी एकच विनंती आहे. तुमच्यावर कामाचा किती बोजा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही टाईप करण्याआधी एकदा मान वर करून समोरच्याकडे बघा. त्या क्षणी तुम्ही जे ऐकाल, तेच पुढे नोंदीत उतरेल.

आपला,
धर्मगुरू